वेरूळचा डोंगर आणि त्याचे वाचक

देवगाव रंगारीकडून वेरुळास येऊ लागले म्हणजे पश्चिमाभिमुख अशी एक डोंगराची कड समोर येते. तिच्या पोटात ३४ लेणी आहेत : १२ बौद्ध, १७ हिंदू व ५ जैन. पायथ्याच्या गावात घृष्णेश्वराची नित्य पूजा चालते, आणि वर पठारावर खुलताबादेचे दर्गे आहेत. असा डोंगर नेमका कोणाचा, हा प्रश्न वरचेवर निघतो. त्याचे उत्तर या डोंगराविषयी झालेल्या लिखाणात शोधून पाहण्यासारखे आहे.

या लिखाणाचे ठळक असे तीन प्रकार पडतात. पहिला लीळाचरित्राचा. चक्रधरस्वामींचा वेरूळचा मुक्काम त्यात येतो, तेव्हा डोंगर ही माणसांच्या राहण्याबोलण्याची जागा असते. दुसरा, बर्जेससाहेबांच्या १८८३ च्या वृत्तांताचा; त्यात माप आहे, नकाशा आहे, तुलना आहे. तिसरा आजच्या प्रवासपुस्तिकांचा. त्यांत लेणे किती वेळात पाहून होते हे प्रथम सांगितलेले असते! पहिल्यात जिव्हाळा आहे, पण जतनाची काळजी नाही. दुसऱ्यात काळजी आहे, पण भाविक मापाबाहेर राहतो. तिसऱ्यात दोन्ही नाहीत, केवळ घाई आहे.

तथापि शास्त्र आणि श्रद्धा यांचे येथे हाडवैर आहे असे समजण्याचे कारण नाही. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, आणि किडीपासून गिलावा बचावला तो त्यामुळे, असे मत २०१६ साली संशोधकांनी मांडले. म्हणजे शास्त्राने साक्ष दिली ती लेणी घडविणाऱ्या हातांच्या शहाणपणाचीच.

मग हे तीन हक्क एकमेकांस भिडले तर निवाडा कसा करावा? आमच्या मते त्याची कसोटी कैलास लेण्यातच आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी ते वरून खाली कोरीत आणले. रचलेल्या भिंतीत चुकलेला चिरा बदलता येतो. कोरून काढलेला दगड पुन्हा बसविता येत नाही. म्हणून ज्या वापराने डोंगराचे काही कायमचे उणे होते, तो वापर प्रथम आवरला पाहिजे. मूर्तीस तेल-शेंदूर फासणारा भाविक असो, चित्रांवर हात फिरविणारा प्रवासी असो, की नमुन्यासाठी गिलाव्याचा तुकडा काढणारा संशोधक असो, हा नियम सर्वांस सारखाच लागू व्हावा.

उरलेल्या तंट्यांत सोयीने तिथीस वाट द्यावी. महाशिवरात्र वा उरूस ठरल्या दिवशीच यावयाचा. प्रवाशास दुसरा दिवस मिळू शकतो. त्याचप्रमाणे, रक्षणाची हद्द लेण्यांच्या दारापाशी संपते असे मानू नये. माथ्यावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खाली लेण्यांत पाझरतो. माथा राखला नाही तर आतील मूर्ती राखण्याच्या गोष्टी व्यर्थ होत.

१९८३ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली, याचा आपणांस अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. परंतु वारसा म्हणजे उपभोगाचा परवाना नव्हे. जो हातचे न गमावता पुढच्या पिढीच्या स्वाधीन करतो, तोच खरा वारस.