रामशास्त्री : दुय्यम पात्र कीं शोकनायक ?

सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९०९ सालच्या ‘भाऊबंदकी’ नाटकांत साताऱ्याजवळील माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांस रंगभूमीवर आणिलें. कथासूत्र राघोबादादा व आनंदीबाई यांच्या हातीं आहे. शास्त्रीबोवा दुय्यम पात्र. तथापि खरे शोकनायक तेच, असा पक्ष कोणी मांडल्यास तो तपासणें अगत्याचें आहे.

ॲरिस्टॉटलच्या मतें शोकनायक थोर, पण सर्वथा निर्दोष नसावा. स्वतःच्या प्रमादानें त्याचा भाग्यविपर्यय व्हावा. शास्त्रीबोवांचें थोरपण निर्विवाद आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांनीं राघोबास देहान्त प्रायश्चित्त सांगितलें व पुणें सोडिलें. परंतु यांत प्रमाद कोणता ? पदत्याग हा त्यांचा निश्चय होता, दैवाचा घाला नव्हे. शिवाय बारभाईंच्या कारभारांत ते पुन्हा न्यायासनावर बसले. प्रमाद व विपर्यय हीं लक्षणें राघोबासच लागू पडतात: सत्तालोभानें पेशवाई मिळविली, ती वर्षाच्या आंत गेली.

मग शास्त्रीबोवांच्या प्रसंगीं मन व्याकुळ कां होतें ? निर्णय देणाऱ्याच्या हातीं अंमल नव्हता म्हणून. सांगितलेलें प्रायश्चित्त न घेतांच राघोबा १७८३ सालीं कोपरगांवीं निवर्तले. शोकान्त झाला तो न्यायाचा, न्यायाधीशाचा नव्हे, असें आमचें मत आहे.