कंडरेची प्रतिमा आणि निदानाची भाषा

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला इजा झाली असता सोनोग्राफी वा एमआरआय काढण्याचा आज प्रघात आहे. कंडरा पूर्ण तुटली आहे काय, तिची टोके किती दूर सरली आहेत, हे शस्त्रक्रियेपूर्वी जाणण्यास ही साधने उपयुक्त होत, यात संशय नाही. आमचा आक्षेप प्रतिमेवर नसून तिच्या वाचनाच्या भाषेवर आहे.

अहवालात ‘फाटलेली’ असे विशेषण येते. वस्तुतः ते केवळ वर्णन होय. वाचणारा मात्र त्यालाच वेदनेचे कारण समजतो. १९९५ साली शेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या. त्यांपैकी ३४ टक्के व्यक्तींत, आणि साठीपुढील व्यक्तींत तर ५४ टक्क्यांत, कंडरा अंशतः वा पूर्ण फाटलेली आढळली. चिन्ह तेच, अर्थ मात्र एक नव्हे.

नामकरणही निर्दोष नाही. ‘टेंडिनायटिस’ ही संज्ञा दाह गृहीत धरते. परंतु जुनाट दुखण्यात दाहाची लक्षणे सूक्ष्मदर्शकाखाली फारशी दिसत नाहीत. म्हणूनच माफुली, खान आणि पुडू यांनी १९९८ मध्ये ‘टेंडिनोपॅथी’ या संज्ञेचा पुरस्कार केला.

शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, तसा प्रतिमेचा अर्थ रुग्णाची हकिगत व प्रत्यक्ष तपासणी यांच्या संदर्भात ठरतो. अहवालाने ‘असे दिसते’ येथेच थांबावे. ‘म्हणून दुखते’ हे विधान रुग्णाला तपासणाऱ्याचे आहे. या दोन विधानांची गल्लत झाल्यास अनावश्यक शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवतो. म्हणून हा भेद केवळ शाब्दिक मानता येत नाही.