अंश दिसतोय, छेद कुठाय?

धार्मिक संघटना आणि दहशतवाद या विषयावर प्रपोजल लिहायच्या विचारात असाल, तर अ‍ॅलेक्स अ‍ॅलेक्सिएव्ह यांचा तबलीगी जमातवरचा लेख आधी वाचा. तो 'मिडल ईस्ट क्वार्टर्ली'च्या २००५ च्या हिवाळी अंकात आला होता आणि त्याचे संदर्भ अजून दिले जातात. लेखाचं म्हणणं असं की ही संघटना वरून शांत दिसते, पण जिहादकडे जाणारा रस्ता तिच्यातून जातो. पुरावा म्हणून काही पकडलेल्यांची नावं आणि एक आकडा: फ्रान्समधल्या कट्टरपंथीयांपैकी साधारण ८० टक्के तबलीगमधून आले असावेत.

आकडा खरा धरून चालू. तो काय सांगतो? कट्टरपंथी झालेल्यांपैकी किती जण जमातीत होते, एवढंच. आपला प्रश्न बरोबर उलटा आहे: जमातीत गेलेल्यांपैकी किती जण कट्टरपंथी झाले? समजा एका शहरात १०० कट्टरपंथी आहेत आणि त्यातले ८० जमातीत जाऊन आलेत. जमातीत एकूण १०० जण गेले असतील तर धोका ८० टक्के. एक लाख गेले असतील तर ०.०८ टक्के. अंश तोच, छेद बदलला. लेखात हा छेद कुठेच वापरलेला नाही.

आणि तो काढणं सोपंही नाही. मौलाना मुहम्मद इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये सुरू केलेल्या या कामात सदस्यत्वाचा फॉर्म नसतो. कोणी तीन दिवस जातो, कोणी चाळीस दिवसांचा चिल्ला करतो, कोणी चार महिने. एकदाच तीन दिवस गेलेल्याला 'सदस्य' म्हणायचं का? अमेरिकन जॉन वॉकर लिंड तबलीगींच्या संपर्कात होता हे खरं, पण तालिबानपर्यंत पोचण्याआधी मदरसा आणि प्रशिक्षण छावणी हे टप्पेही होते. त्यातल्या पहिल्याच टप्प्याला कारण का म्हणायचं?

आता दुसरी बाजू. बार्बरा मेटकाफ जमातीला राजकारणापासून लांब राहणारी, आत्मसुधारणेची चळवळ मानतात. त्यांचं वर्णन मला जास्त पटतं. पण संघटनेची शिकवण काय आहे यावरून बाहेर पडलेला माणूस पुढे काय करेल हे कळत नाही. मार्क सेजमन यांनी २००४ च्या पुस्तकात १७२ जणांची माहिती तपासून मैत्री आणि नात्यांवर बोट ठेवलं. कल्पना छान, पण न गेलेल्या मित्रांचा गट तिथेही नाही.

हा नुसता पद्धतीचा वाद नाहीये. रशियाने २००९ मध्ये जमातीवर बंदी घातली. सौदी सरकारने २०२१ मध्ये शुक्रवारच्या खुतब्यांतून तिला दहशतवादाचा दरवाजा म्हणायला लावलं. ब्रिटनमध्ये ड्यूजबरीचं तिचं केंद्र मात्र उघडपणे चालतं. कुणाचा व्हिसा, कुणाची नोकरी या एका शिक्क्यावर ठरते.

तुमच्या प्रपोजलमध्ये निदान त्याच मोहल्ल्यातली, त्याच वयाची, जमातीत न गेलेली मुलं हवीत. अडचण एकच: पोलिसांच्या फायलींत फक्त पकडलेले असतात, त्यामुळे ही मुलं तुम्हालाच शोधावी लागतील.