‘गरीब, पण प्रामाणिक’ : इंग्रजीतील अपेक्षाभंगदर्शक संयोजके आणि त्यांचे अध्यापन

प्रस्तावना

इंग्रजी व्याकरणाच्या वर्गात एक वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले जात आले आहे : ‘ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.’ तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे. विद्यार्थी ‘बट’ काढून ‘ऑल्दो’ घालतात, नंतर ‘इन स्पाइट ऑफ’ घालतात. वाक्य तीन वेळा रूप पालटते आणि तिन्ही वेळा गुण मिळतात. मात्र गरिबी आणि प्रामाणिकपणा यांत मुळात विरोध कोठे आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अपेक्षाभंग व्यक्त करणाऱ्या संयोजकांचे अध्यापन केवळ रूपांतराच्या पातळीवर थांबल्यामुळे व्याकरण आणि विचार या दोन्ही अंगांनी हानी होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विरोध आणि अपेक्षाभंग

रेन आणि मार्टिन यांच्या सर्वपरिचित व्याकरणात ‘बट’ हे समान दर्जाची वाक्ये जोडणाऱ्या विरोधदर्शक अव्ययांत येते, तर ‘दो’ व ‘ऑल्दो’ ही गौण वाक्य जोडणाऱ्या अव्ययांच्या ‘कन्सेशन’ या वर्गात येतात. रचनेच्या दृष्टीने ही विभागणी योग्यच आहे; अर्थाच्या दृष्टीने मात्र ती अपुरी आहे. रॉबिन लेकॉफ यांनी 1971 मध्ये ‘बट’चे दोन अर्थ वेगळे केले : एक साधा अर्थविरोध आणि दुसरा अपेक्षेचा निषेध. हॅलिडे आणि हसन यांनी 1976 च्या ग्रंथात विरोधसंबंधाचा मूलार्थच ‘अपेक्षेच्या विरुद्ध’ असा मानला.

हा भेद मराठी उदाहरणांनीही स्पष्ट होतो. ‘थोरला भाऊ शेती करतो, पण धाकटा नोकरी करतो’ या वाक्यात केवळ तुलना आहे. तेथे इंग्रजीत ‘व्हाइल’ किंवा ‘व्हेअरॅज’ शोभते. ‘पाऊस जोराचा होता, पण सामना झाला’ या वाक्यात मात्र पावसात सामना होत नाही हे गृहीतक आधी मनात असते आणि वाक्य ते मोडते. येथे ‘ऑल्दो’ सहज बसते. ‘पण’ दिसताच ‘ऑल्दो’ घालावयास शिकविणारा स्वाध्याय हा भेदच पुसून टाकतो.

मराठी विद्यार्थ्याची चूक

‘ऑल्दो इट रेन्ड, बट द मॅच वॉज प्लेड’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ते निष्काळजीपणाचे लक्षण समजून लाल शाईने खोडले जाते. वास्तविक त्यामागे मराठीचा नियम उभा आहे. ‘जरी पाऊस पडला तरी सामना झाला’ या रचनेतील ‘जरी’ गाळता येते. ‘पाऊस पडला तरी सामना झाला’ हे निर्दोष मराठी आहे. ‘तरी’ मात्र सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत याच्या उलट आहे : ‘ऑल्दो’ राहते आणि उत्तरार्धातील ‘येट’ बहुधा गळते. मराठीत अपेक्षाभंगाची खूण सांध्यावर असते, इंग्रजीत ती गौण वाक्याच्या आरंभी असते. विद्यार्थी आपल्या भाषेतील अनिवार्य घटक तेवढा सोबत नेतो.

दुसरी चूक ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ ही होय. ‘पाऊस पडत असूनही’ या मराठी रचनेत कर्ता आणि क्रिया दोन्ही असतात. ‘डिस्पाइट’ हे मात्र शब्दयोगी अव्ययाचे कार्य करते व आपल्यापुढे नाम किंवा नामासारखी रचना मागते. ‘हाउएव्हर’ हे तर क्रियाविशेषण. केवळ स्वल्पविराम देऊन त्याने दोन वाक्ये जोडता येत नाहीत. म्हणजे एकच अर्थ व्यक्त करणारी ही संयोजके तीन भिन्न शब्दजातींत विभागलेली आहेत आणि त्यांची एकत्र यादी पाठ करून घेतल्याने गोंधळच वाढतो.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. मराठी व्याकरणाच्या रूढ मांडणीत ‘जरी–तरी’ ही जोडी ‘जर–तर’बरोबर संकेतबोधक गटात बसविली जाते. ‘पाऊस पडला तरी सामना होईल’ आणि ‘पाऊस पडला तरी सामना झाला’ या दोहोंचा पूर्वार्ध एकच असतो. शक्यता की वस्तुस्थिती, हे उत्तरार्धातील क्रियापदावरून कळते. इंग्रजीला तेथे ‘ईव्हन इफ’ आणि ‘ईव्हन दो’ अशी निवड आधीच करावी लागते. ही तुलना वर्गात मांडली, तर मातृभाषा हा अडथळा न राहता आधार ठरेल.

अपेक्षा कोणाची?

मूळ प्रश्न याहून खोल आहे. अपेक्षाभंग सांगणारे प्रत्येक संयोजक एक अनुक्त विधान सोबत आणते. ‘गरीब, पण प्रामाणिक’ यामागे ‘गरीब माणसे सहसा प्रामाणिक नसतात’ हे विधान दडलेले आहे. ते उघडपणे उच्चारले असते तर वर्गात कोणीतरी हरकत घेतली असती. संयोजकाच्या आड ते निर्वेध आत येते आणि त्याच बाकांवर बसलेली गरीब घरातील मुले ते आपल्या हाताने वहीत उतरवितात. ‘स्त्री असूनही कणखर’, ‘खेड्यातील असूनही हुशार’ ही याच कुळातील वाक्ये होत. एका चर्चासत्रात प्रस्तुत लेखकाचा परिचय ‘मराठी माध्यमातून शिकूनही इंग्रजी उत्तम शिकवितात’ असा करून देण्यात आला. हेतू गौरवाचा होता, टाळ्याही पडल्या. ‘ही’ या एका अक्षराने मात्र सभागृहातील अनेकांच्या शिक्षणावर शेरा मारला होता.

वाक्यातील क्रमही तटस्थ नसतो. ‘चुका आहेत, पण मांडणी चांगली आहे’ आणि ‘मांडणी चांगली आहे, पण चुका आहेत’ या दोन अभिप्रायांत वस्तुस्थिती एकच आहे. विद्यार्थ्याच्या मनावर होणारा परिणाम वेगळा आहे. ‘बट’नंतर येणारे विधान निष्कर्षाकडे नेते, ‘ऑल्दो’ने आरंभ होणारे विधान पार्श्वभूमीत जाते. म्हणूनच एकाच्या जागी दुसरे घालणे ही निव्वळ यांत्रिक क्रिया नव्हे.

समारोप

रूपांतराचे स्वाध्याय परीक्षेसाठी आवश्यक आहेत व रचनेची अचूकता नाकारण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक स्वाध्यायाला एक प्रश्न जोडता येईल : या वाक्यात मोडलेली अपेक्षा पूर्ण वाक्यात लिहा. ‘पावसात सामना होत नाही’ हे लिहिताना कोणाचा हात अडणार नाही. ‘गरीब प्रामाणिक नसतो’ हे लिहिताना अडेल. जेथे हात अडेल तेथे वाक्यच बदलावे. त्यातून विद्यार्थ्याला ‘बट’चे दोन अर्थ आपोआप वेगळे करता येतील आणि आपण काय गृहीत धरून बोलतो, हेही तपासता येईल. फळ्यावरील त्या जुन्या वाक्यात ‘बट’च्या जागी ‘अँड’ लिहून पाहावे. ‘तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या तितकेच शुद्ध आहे. त्यात कोणाचा अवमान मात्र नाही.