जिन्याचं कलम वाचताना

सरकारी नियमावली कुणी चवीनं वाचत नाही. वास्तुविशारद ती चाळतो, बिल्डर पळवाटेपुरती पाहतो, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला नोटीस आली की तिची आठवण होते. तरीही मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला जिन्याचा भाग एकदा सावकाश वाचून पाहावा. मजकूर थोडकाच, अलंकाराचं नाव नाही, आणि जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे जिना चढणारं कुणीतरी आहे. (2018 पासून तिची जागा नावात 2034 हे साल असलेल्या नव्या नियमावलीनं घेतली. मी म्हणतोय ते जुन्या पाठाबद्दल. शिवडी-परळच्या बऱ्याच टॉवरांचे जिने त्याच्याच अमलात ओतले गेले.)

राहत्या इमारतीत पायरीची रुंदी 25 सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि उंची 19 पेक्षा जास्त नको, असं कलम सांगतं. फ्रान्समधल्या ब्लोंदेल या वास्तुविशारदानं सतराव्या शतकात हिशेब मांडला होता: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं, म्हणजे जुने 24 फ्रेंच इंच, साधारण 65 सेंटिमीटर. आता आपलं कलम मोजा. 19 दुणे 38, अधिक 25, झाले 63. मात्रा जुळल्या! सपाटीवर चालणाऱ्याची चालच इथे उभ्या वृत्तात बसवली आहे. आणि वृत्त म्हटलं की यतीही आला. एका दमात 12 पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, असं पुढे म्हटलंय. बारा गुणिले 19 म्हणजे 228 सेंटिमीटर. एवढ्यात एक मजला चढून होत नाही. पावणेतीन मीटरची खोली आणि वर स्लॅब धरला तर सोळाएक पायऱ्या लागतात. म्हणजे मध्ये चौक द्यावाच लागतो. ‘थांबायला जागा ठेवा’ असं न सांगता कलमानं ती ठेवून घेतली. या भागातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

पण याच वाक्याच्या शेपटाला सवलत आहे. अरुंद भूखंडावर आणि दाट वस्तीच्या गृहनिर्माणात सलग एकाच दमाचा जिना चालेल. म्हणजे जिथे जिन्यावर गर्दी जास्त, खांद्यावर सिलिंडर जास्त, तिथेच दम खायचा चौक गेला. दुसरी मेखही अशीच. इतर वापराच्या इमारतींना पायरी 30 सेंटिमीटरची, उंचीलाही बेताची. घराला मात्र अरुंद आणि उंच. समर्थन ठाऊक आहे: रहिवाशाच्या पायाला आपला जिना पाठ असतो. असेल. पण ऑफिसातला माणूस साठीला घरी बसतो आणि त्यानंतरची वीस वर्षं घरचाच जिना चढतो. इथे कलमाचा कान चुकला असं मला वाटतं.

कठड्याची उंची किमान 90 सेंटिमीटर, आणि ती मोजायची पायरीच्या मध्यापासून. हा ‘मध्य’ वाचताना पटकन निसटतो. कठडा उतरता असतो. पायरीच्या कडेपासून मोजली तर उंची एक, आतल्या कोपऱ्यापासून मोजली तर दुसरी. मध्य सांगून कलमानं भांडणच मिटवलं.

मग येतो मजल्याचा आकडा. समोरच्या भिंतीवर, जिन्यावरून स्पष्ट दिसेल असा, किमान 15 सेंटिमीटर मोठा. रहिवाशाला त्याची गरज काय? आपला मजला तो झोपेतही ओळखतो. आकडा आहे परक्यासाठी: कुरिअरवाल्यासाठी, ॲम्ब्युलन्सच्या माणसासाठी, आणि सर्वांत आधी अग्निशमन दलाच्या जवानासाठी. 22 ऑगस्ट 2018 ला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि 4 जण गेले. दहा वर्षांच्या एका मुलीनं ओल्या सुती कापडातून श्वास घ्यायला शेजाऱ्यांना शिकवलं, ते तेव्हा पेपरांत गाजलं. तशा धुरात वर निघालेल्या माणसाला आपण कितव्या मजल्यावर आहोत हे कळावं, एवढ्याचसाठी ते 15 सेंटिमीटर. आमच्याकडे मात्र रंगकाम निघालं की पहिला बळी त्या आकड्याचाच जातो.

आणखी एक छोटं वाक्य: पायरीचा पृष्ठभाग निसरडा नसावा, आणि तो तसाच राखला जावा. पहिला अर्धा बांधणाऱ्यासाठी आहे, तो इमारत देऊन निघून जातो. दुसरा अर्धा इमारत उभी असेतो चालू राहतो. शिवडीतल्या एका जुन्या चाळीच्या जिन्यावर हे नीट दिसतं. लाकडी पायऱ्या मधोमध बशीसारख्या झिजल्यात, म्हणून भरली कळशी घेतलेली बाई मधून चढत नाही, भिंतीला धरून चढते, कारण तिथे फळी अजून सपाट आहे. कडांवर कुणीतरी पिवळ्या ऑइलपेंटचे पट्टे ओढलेत. दिसायला बरे, पण पावसाळ्यात ओला पाय त्यावरूनच सटकतो.

राखायचं, पण कुणी? कर्त्याचं नाव त्या वाक्यात नाही. सोसायटीत निदान कमिटी असते. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानं तर जानेवारीत आणि जुलैत, आगीपासून बचावाची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र देणं तिच्या गळ्यात घातलंय. शिवडीच्या बीडीडी चाळींत हा कर्ता शोधू गेलं की तिढा कळतो. 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या 12 इमारती. मजल्याला 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. इमारती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, खालची जमीन मुंबई बंदराची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींचा पुनर्विकास म्हाडानं हाती घेतला, शिवडी त्यात आली नाही ती या जमिनीपायी. पायरी फुटली तर अर्ज बांधकाम खात्याकडे करायचा. अख्खा जिनाच नवा हवा असेल, तर बंदराकडे बघत बसायचं.