पडद्यावरचा खान आणि गावातला मुलाणी : मराठी चित्रपटातील मुस्लीम प्रतिमेची चिकित्सा

पाश्चात्त्य चित्रपटांतील अरब व मुस्लीम व्यक्तिरेखांची चर्चा आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांना आता नवी राहिलेली नाही. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’चा आधार घ्यायचा, जॅक शाहीन यांनी नऊशेहून अधिक हॉलिवूडपटांची छाननी करून २००१ मध्ये मांडलेले निष्कर्ष सांगायचे आणि अखेरीस ‘आपल्याकडेही असेच आहे’ हे एक वाक्य जोडायचे, असा या चर्चेचा साचा ठरून गेला आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या शेवटच्या वाक्यावर आहे. हॉलिवूडचा अरब हा बहुतेक अमेरिकी प्रेक्षकांनी प्रत्यक्षात कधी न पाहिलेला माणूस असतो. मराठी प्रेक्षक मात्र ज्या समाजाची माणसे पडद्यावर पाहतो, त्यांच्याकडूनच आठवडे बाजारात फळे घेऊन आलेला असतो. तेव्हा अनोळखी माणसाविषयी पसरवलेला गैरसमज तपासण्यासाठी घडवलेली ही मोजपट्टी येथे तोकडी पडते. मराठी चित्रपटाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ओळखीचा माणूस पडद्यावरून गेला कोठे?

व्हिडिओ गेमच्या बाबतीत शाहीन यांची मोजपट्टी अधिक नेमकी बसते. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ (२००७) या खेळात मध्यपूर्वेतील एका देशात युद्ध चालते, पण त्या देशाला नावच दिलेले नाही. खेळणाऱ्याला त्याची गरजही भासत नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड’ने अल्तैर हा सीरियातील नायक उभा केला; पण असे अपवाद मोजकेच. आपले विद्यार्थी हे खेळ मोबाइलवर खेळतात आणि त्यातील अनामिक शत्रू विसरूनही जातात. इतिहासपटातील शत्रू मात्र ते विसरत नाहीत, कारण त्याला नाव असते आणि ते नाव वर्गातल्या कोणाच्या तरी नावाशी जुळते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून या प्रश्नाकडे पाहण्याला विशेष अर्थ आहे. ज्या सुप्याचे नाव शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने घेतले जाते, ते आज बारामती तालुक्यात आहे. इंदापूर परगणाही त्याच जहागिरीतला. इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले धारातीर्थी पडले. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, ही परंपरा शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांना ते गुरुस्थानी मानत, असेही सांगितले जाते. या संतकवीचा ‘योगसंग्राम’ मराठीतच आहे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गा ही दोन्ही स्मृतिस्थळे एकाच गावाची आहेत. गावगाड्यात मुलाण्याला वतन होते. अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार यांच्यावाचून इथला बाजार भरत नाही. या माणसांची बोली इथल्या मातीतली आहे. घरात दखनी बोलली गेली, तरी चावडीवर आणि बांधावर मराठीच चालते. एवढा मोठा ऐवज हाताशी असताना मराठी चित्रपटाने त्यातले काय उचलले?

प्रारंभ तर उत्तम झाला होता. १९४१ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शेजारी’ काढला. जिवबा (केशवराव दाते) आणि मिर्झा (गजानन जागीरदार) या दोन वृद्ध मित्रांमध्ये धरण बांधणाऱ्यांचे हितसंबंध फूट पाडतात आणि अखेर फुटलेल्या धरणावर दोघे एकत्र मरतात. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत तर हिंदू ठाकूरची भूमिका मझहर खान यांनी आणि मुस्लीम मिर्झाची जागीरदारांनी केली. या चित्रपटात भाबडेपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्याची एक समज आजही टिकून आहे. भांडणाचे मूळ तो धर्मात शोधत नाही, जमीन आणि पैसा यांत शोधतो. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्या इंदापूरकरांना हे धरण निव्वळ रूपक वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतरचा प्रवास एका अभिनेत्याच्या दोन भूमिकांतून दाखवता येईल. ‘सरफरोश’ (१९९९) या हिंदी चित्रपटात मुकेश ऋषी यांनी पोलीस अधिकारी सलीम साकारला. आपल्या निष्ठेवर संशय घेतला जातो ही त्याची व्यथा आहे आणि ती निष्ठा सिद्ध करत राहणे हीच त्याची भूमिका. ‘शेर शिवराज’ (२०२२) या मराठी चित्रपटात हेच अभिनेते अफजलखान झाले. निष्ठा सिद्ध करणारा आणि चालून येणारा, या दोन टोकांच्या मध्ये गाव वसलेले आहे. नेमका तोच भाग या चित्रपटांच्या नकाशात नाही.

अफजलखान चालून आला हा इतिहास आहे आणि त्याला सौम्य दाखवावे अशी कोणाही समंजस अभ्यासकाची मागणी असणार नाही. मुद्दा निवडीचा आहे. खानाकडे वाईचा सुभा होता; म्हणजे तो या मुलखाला अनोळखी नव्हता. आदिलशाहीच्या महसुली कारभारात मराठीला स्थान होते. पडद्यावर मात्र खानाच्या तोंडी हिंदी-उर्दू आणि मावळ्याच्या तोंडी मराठी अशी भाषेची फाळणी आधीच होऊन बसते आणि प्रेक्षक कानांनीच ठरवतो की मराठी बोलतो तो आपला. प्रतापगडाच्या प्रसंगात महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. आरमारात दौलतखान होता. खानाच्या देहाला महाराजांनी गडाच्या पायथ्याशी सन्मानाने मूठमाती दिली. हे तपशील एखाद्या दृश्यापुरते येऊन जाणे वेगळे आणि त्यांनी कथेचे वजन पेलणे वेगळे.

या फाळणीचा चटका खुद्द पडद्यावरच्या शिवाजी महाराजांना बसला. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) आणि ‘शेर शिवराज’ या चित्रपटांत चिन्मय मांडलेकर यांनी महाराज साकारले. आपल्या मुलाला दिलेल्या फारसी नावावरून २०२४ मध्ये समाजमाध्यमांत इतकी टीका झाली की यापुढे ही भूमिका करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ज्या घराण्याचा पराक्रम पाहायला प्रेक्षक गर्दी करतात, त्याच घराण्यात मुलांची नावे पीराच्या नावावरून ठेवली गेली होती! आपल्या इतिहासपटांनी इतिहास किती पोहोचवला, याचे याहून नेमके मोजमाप मिळणे कठीण.

‘छावा’ (२०२५) हा हिंदी चित्रपट शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला. अक्षय खन्ना यांचा औरंगजेब अभिनयाच्या दृष्टीने संयत आहे. पण शेवटच्या छळदृश्यांत चित्रपट विचार करणे थांबवतो. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून हिंसाचार झाला, तेव्हा या चित्रपटाने औरंगजेबाविषयीच्या रोषाला उजाळा मिळाल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत नमूद केले. दंगलीची कारणे अनेक असतात आणि त्यांचा भार एका चित्रपटावर टाकणे हे समीक्षेचे काम नव्हे. तथापि सतराव्या शतकातील बादशहाचा हिशेब आजच्या शिकलगाराकडे मागता येतो, हा समज कोठून आला हे विचारणे समीक्षेचे कामच आहे. त्या बादशहाशिवाय दुसरा मुसलमान ज्याने पडद्यावर पाहिलाच नाही, त्याला असे वाटणे अशक्य नाही.

समकालीन विषयावरचे चित्रपट कमी आहेत. राजन खान यांच्या कथेवरील ‘हलाल’ (२०१७) प्रामाणिक आहे; मात्र मुस्लीम कुटुंब मराठी पडद्यावर येण्यासाठी तलाकचाच दरवाजा का लागतो, ही शंका तो मिटवत नाही. हमीद दलवाई यांनी ‘इंधन’मध्ये कोकणातले संपूर्ण गाव उभे केले होते. त्या कादंबरीची कुवत चित्रपटाला अद्याप सापडलेली नाही.

अपेक्षा नसताना उत्तर सापडते ते ‘सैराट’ (२०१६) मध्ये. नागराज मंजुळे यांचा करमाळा तालुका उजनीच्या पलीकडच्या काठावर, इंदापूरच्या समोर आहे. परशाचा मित्र सल्या, म्हणजे सलीम, मुसलमान आहे आणि चित्रपट त्याविषयी काहीही सिद्ध करत नाही. तो परशासारखीच करमाळ्याची मराठी बोलतो, क्रिकेट खेळतो, चिठ्ठ्यांच्या भानगडीत पडतो आणि मित्रासाठी मार खातो. जातीच्या प्रश्नावर इतका तीक्ष्ण असलेला हा चित्रपट सल्याच्या धर्मावर एक वाक्यही खर्च करत नाही. सल्या अखेरपर्यंत नायकाचा मित्रच राहतो, त्याचे स्वतःचे दुःख काय हे आपल्याला कळत नाही, ही मर्यादा खरीच. पण वर्गात हा चित्रपट दाखवल्यावर मुलांना सल्याविषयी विचारले, तर ती त्याच्या गमतीच सांगतात; तो मुसलमान आहे हे कोणी सांगत नाही.