देवयानीचा निरोप आणि हरवलेले मूळ

दूरचित्रवाणी मालिकेवरून लिहिलेली कादंबरी जन्मतःच दुय्यम मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. कथेचे नाटक होते, नाटकाची कथा होते, आणि आधी कोणते व नंतर कोणते याची चौकशी रसिक सहसा करीत नाही. फ्रेड हॉइल आणि जॉन एलियट यांची ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही १९६२ची विज्ञानकादंबरी मालिकेवरून उतरली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, तिने मालिका पाहिलेला वाचकच गृहीत धरला आहे.

ही मालिका बी.बी.सी.ने १९६१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सात भागांत दाखविली. त्या वेळी आपल्या देशात दूरचित्रवाणी होती ती दिल्लीत, तीही प्रायोगिक. मुंबई केंद्र सुरू व्हावयास १९७२ साल उजाडले. बेळगाव-निपाणीच्या वाचकाच्या हाती ही कथा पडली असेल, तर ती पुस्तकरूपानेच. पुढे खुद्द इंग्लंडातही तीच गत झाली. मालिकेच्या बहुतेक प्रती जपल्याच गेल्या नाहीत. आज सहावा भाग संपूर्ण आणि इतर काही भागांचे तुकडे, एवढेच शिल्लक आहे. आम्हा वकिलांच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ दस्तऐवज गहाळ आहे आणि कादंबरी हा दुय्यम पुरावा उरला आहे. मूळ हरवले की सारा भार दुय्यम पुराव्यावर येतो. हा भार या कादंबरीला पेलत नाही.

कथाबीज मात्र हॉइलचे आहे आणि ते उत्तम आहे. देवयानी तारकासमूहाच्या दिशेने एक संदेश नव्या रेडिओ-दुर्बिणीवर येतो. तो उलगडला तेव्हा त्यात एक प्रचंड गणकयंत्र बांधण्याचा आराखडा, ते चालविण्याच्या आज्ञा आणि त्यास पुरवावयाची माहिती निघते. यंत्र उभे राहते; ते जीवशास्त्रज्ञ डॉनेबाईंकडून प्रथम एक एकाक्ष जीव आणि मग एक तरुणी घडवून घेते. सरकार संतुष्ट असते, कारण यंत्र क्षेपणास्त्रांची गणिते सोडवून देते. एकटा फ्लेमिंग विचारीत राहतो, हे लिहिणाऱ्याचा हेतू काय?

कायद्याच्या माणसाला हा प्रश्न फार जवळचा वाटतो. आमच्या सीमाभागात पक्षकार आपली कैफियत मराठीत सांगतो, आजोबांचा दस्त मोडीत असतो, नवा उतारा कन्नडात येतो आणि निवाड्यांचे दाखले इंग्रजीत शोधावे लागतात. मजकूर वाचता आला म्हणजे लिहिणाऱ्याचे मन कळले असे नव्हे, हे इथल्या कारकुनालाही ठाऊक असते. फ्लेमिंगचा संशय नेमका हाच आहे. परंतु कादंबरी त्याची उलटतपासणीच करीत नाही. यंत्राच्या कोणत्या उत्तराने तो संशय बळावला, विरुद्ध पक्षाचे म्हणणे कितपत सबळ आहे, हे सावकाश मांडावयास लेखकद्वयाला सवड नाही. फ्लेमिंग चिडतो, मद्य घेतो, अधिकाऱ्यांशी भांडतो, आणि लगेच पुढील प्रवेश. त्यात भर म्हणून एका धनाढ्य कंपनीची हेरगिरी आणली आहे. ती नसती तरी कथेचे काही अडले नसते.

सर्वांत मोठी उणीव त्या तरुणीच्या बाबतीत जाणवते. ख्रिस्तीन ही सहायिका यंत्राच्या तारांना चिकटून मरते आणि नंतर घडविलेली तरुणी तिच्याच रूपाने समोर येते. मालिकेत या दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्ती या त्या वेळी नवख्या असलेल्या नटीने केल्या. मेलेलीचा चेहरा पुन्हा हलताना दिसला की प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहणारच. तेथे शब्दांची गरज नाही. पुस्तकात चेहरा नाही. तेथे ती भीती वाक्यांनीच उभी करावयास हवी होती. तिच्याकडे पाहून ख्रिस्तीनच्या सहकाऱ्यांना नेमके काय वाटले असेल, हे पानेच्या पाने लिहिण्याजोगे होते; लेखक ते उरकून टाकतात.

हॉइलला हे जमत नव्हते असे कोण म्हणेल? त्याच्या ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये (१९५७) सूर्याकडे येणाऱ्या मेघाचा सुगावा दोन वाटांनी लागतो : एकीकडे छायाचित्रातील काळा डाग, दुसरीकडे ग्रहांच्या स्थानांतील तफावत. दोन स्वतंत्र साक्षी जुळतात आणि वाचकाचा श्वास रोखला जातो. तेथे तर्क हेच नाट्य आहे.

या हॉइलचे शिष्य जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मले आणि मे २०२५मध्ये पुण्यात निवर्तले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीत संदेश आकाशातून येत नाही. जमिनीत खोल पुरलेल्या, लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीच्या पेटीतून निघतो आणि त्यातील माहितीवरून वामन हा यंत्रमानव बांधला जातो. गुरूचेच बीज म्हणा. नारळीकरांची पात्रे फारशी मांसल नसतात, हे मी नाकारीत नाही. पण ज्यांनी ही माहिती ठेवली त्यांचे स्वतःचे काय झाले, हा प्रश्न तेथे तपासाचा विषय होतो आणि वाचक त्या तपासात सामील होतो. पडद्याची कुबडी त्यांना लागली नाही.

हॉइल-एलियट यांनी १९६४मध्ये उत्तरभाग काढला, तोही मालिकेवरूनच आणि त्याच घाईने. कोणी हॉइल मराठीत वा कोकणीत आणण्याचा विचार करीत असेल, तर त्याने या दोन्ही पुस्तकांना तूर्त बाजूस ठेवून काळ्या मेघालाच हात घालावा.